रविवारी दुपारी तीन वाजता

हिंमतरावांनी मला चार दिवसांत सात फ्लॅट दाखवले आणि त्यांतल्या पाच ठिकाणी वर नेलंच नाही. इमारतीच्या फाटकातून आत शिरायचं, खालच्या खांबांमधून एक चक्कर मारायची, एखाद्या खांबावर पंजा टेकवून दुसऱ्या खांबाकडे डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "चला बाई. हितं काय जमायचं न्हाय."

"अहो, पण घर तर बघू द्या!"

"घरात काय बघायचं? दोन खोल्या, एक ओटा. भिंती समद्या घराला असत्यात."

एजंट व्हायचं आणि घर दाखवायचाच कंटाळा करायचा, असा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. वर्ध्याहून निघताना मी वहीत प्रश्नांची दोन पानी यादी केली होती. पाणी किती वाजता येतं, गॅलरीला जाळी आहे का, शेजारी कोण, वरच्या मजल्यावर कोण, त्यांची मुलं काय करतात. बावीस वर्षं शाळेत शिकवल्यावर प्रश्न काढण्याची सवय लागते. हिंमतरावांनी ती वही एकदा हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि आदराने परत दिली. पुढे तिचा काही उपयोग झाला नाही.

आमची अडचण साधी होती. माझी मुलगी उत्कर्षा दोन वर्षांपासून हिंजवडीच्या एका कंपनीत होती आणि कोथरूडला एका बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. त्या २००७ सालच्या जूनमध्ये तिला हवं असलेलं काम अखेर मिळत होतं. जुलैच्या एक तारखेपासून सुरुवात, वेळ दुपारी एक ते रात्री दहा. कोथरूडच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे दहाला दार बंद होतं. मुलगी आत असो वा नसो." त्यामुळे तीस जूनच्या आत दुसरी जागा शोधायची होती. कंपनीची बस त्या वेळेला नव्हती, म्हणून उत्कर्षाच्या बाबांनी घरची मारुती पुण्याला आणून दिली. धायरीहून बायपासने हिंजवडी सरळ पडते आणि भाडंही झेपण्यासारखं, म्हणून धायरी ठरली.

माझी अट एकच होती. गाडी इमारतीच्या आत, छपराखाली, दिव्याच्या उजेडात लागली पाहिजे. रात्री साडेदहाला दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून मुलगी अंधारातून चालत येते आहे, हे चित्र मला वर्ध्याच्या स्वयंपाकघरात भाजी चिरताना स्पष्ट दिसायचं. त्यात कुत्रीही असायची. "तशी जागा मिळाली तर राहा," मी तिला सांगितलं होतं, "नाहीतर त्या कामाला नाही म्हणून कळव." त्या कामाची तिने दोन वर्षं वाट पाहिली होती, हे मला ठाऊक होतं. माझं परतीचं रिझर्वेशन सोमवारी संध्याकाळचं होतं. म्हणजे सोमवारपर्यंत एक तर जागा, नाहीतर नकार.

"धायरीत हिंमतरावांना विचारा," असं उत्कर्षाच्या मैत्रिणीने सांगितलं. ऑफिस कुठे आहे म्हटल्यावर ती हसली. "टेम्पोत."

ते खरंच निघालं. धायरीच्या मुख्य रस्त्याला हार्डवेअरच्या दुकानापुढे कडुलिंबाखाली एक निळा टेम्पो उभा असायचा. त्याच्या फाळक्यावर पत्र्याची पाटी होती. 'फ्लॅट भाड्याने मिळतील. चौकशी केबिनमध्ये करावी.' केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर हिंमतराव बसलेले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, आणि एक हात स्टिअरिंगवर, जणू आत्ताच कुठून तरी आले आहेत. गिऱ्हाइकाने शेजारच्या सीटवर चढून बसायचं. डॅशबोर्डवर देवाचा फोटो, किल्ल्यांचा जुडगा, गार झालेला चहा. समोरच्या काचेतून रस्त्यावरची रहदारी दिसत राहायची, त्यामुळे बोलताना आपण कुठे तरी चाललो आहोत असं वाटायचं. मी पहिल्या दिवशी दोनदा पाय दाबून ब्रेक शोधला.

टेम्पो मात्र चार वर्षांत जागचा हलला नव्हता. चाकांभोवती गवत उगवलं होतं आणि मागच्या हौद्यात मांजर व्यायली होती. हिंमतराव स्वतः सायकलने फिरत. मी रिक्षाने मागून.

शुक्रवारी सकाळी अकराला आठवा फ्लॅट पाहिला आणि मला वाटलं, झालं आपलं काम. चार मजल्यांची शांत इमारत, दाराशी तुळस, खाली खांबांमध्ये झाडून पुसून स्वच्छ केलेलं पार्किंग. भिंतीवर सुरेख अक्षरांत सूचना. 'पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत. जवळच्या पाहुण्यांनीही.' जमिनीवर पिवळ्या रंगात आकडे रंगवलेले. आपल्या फ्लॅटचा सात. सात नंबरची जागा मोकळी, डोक्यावर ट्यूबलाइट, लिफ्ट दहा पावलांवर. मी ती दहा पावलं मोजून चालून पाहिली. एका कोपऱ्यात तेवढं कोणाचं तरी सामान पसरलं होतं. लोखंडी कपाटं आडवी, एक झोपाळा, तांब्याचा बंब, दोन स्कूटर. पण ते सात नंबरवर नव्हतं.

"हिंमतराव, हेच घ्यायचं," मी म्हटलं.

ते खाली वाकून जमिनीकडे बघत होते. "तेल सांडलंय ह्यावर. ताजं हाय."

"मग? कोणी तरी उभी केली असेल एखाद वेळेस."

"रविवारी या. दुपारी तीन वाजता."

"रविवारी तीनला? का?"

"आता समदे कामावर गेल्यात. अकराला पुण्यातलं समदं पार्किंग मोकळंच असतंय, बाई. रातीला बघावं तर काही गाड्या लग्नाला गेलेल्या, काही हाटेलात. रविवारी तीनला कुणी कुठं जात न्हाय. जेवून झोपल्यात. जितक्या गाड्या तितक्या घरात. तवा बघायचं."

मला राग आला. सोमवारी माझी रेल्वे, आणि हा माणूस दुपारच्या झोपेचा हिशेब सांगतो आहे. मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय का या फ्लॅटला?"

हिंमतराव रागावले नाहीत. "चला," म्हणाले आणि मला पुन्हा टेम्पोपाशी घेऊन आले. रस्त्याच्या पलीकडे सहा मजल्यांची गुलाबी इमारत होती. तिच्याकडे हात करून म्हणाले, "ही माझी."

"इमारत?"

"जिमीन. दोन एकर. मेथी, कोथिंबीर, कांदा. पहाटं तीनला टेम्पो भरून मार्केट यार्डात. बिल्डर आला, म्हनला जमीन द्या, दोन फ्लॅट घ्या, वर पैसं. दिली. कागदावर समदं लिवलं. नळ कुठल्या कंपनीचं ते बी लिवलं. टेम्पो कुठं लावायचा, ते राहिलं."

"विचारलं नाहीत?"

हिंमतराव माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघू लागले. "जमीनच आपली. तिच्यावर आपली गाडी कुठं लावायची, हे कुणाला विचारायचं असतंय व्हय? बिल्डरनं बोलवलं तवा गेलो, बघितलं. ही एवढी जागा मोकळी. दुपारचे बारा वाजले होते."

नंतर पार्किंगच्या सगळ्या जागा फ्लॅटवाल्यांना नंबर घालून दिल्या गेल्या. हिंमतरावांना त्यांच्याच शेतावर उभ्या इमारतीच्या वॉचमनने सांगितलं, टेम्पो बाहेर घ्या. तेव्हापासून टेम्पो रस्त्यावर, कडुलिंबाखाली. पहिले सहा महिने ते दुसऱ्यांचा माल भरून धंद्यावर जायचे आणि परत आल्यावर जागेवर दुसऱ्याची गाडी असायची. मग त्यांनी जाणं बंद केलं. "हलवला की जागा गेली. म्हनलं, आता हितंच बसायचं. बसलो, तर लोक विचाराया लागले, काका, इथं कुठं खोली मिळंल का?"

ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून माझं रिझर्वेशन पुढे जाणार नव्हतं. मी संध्याकाळी त्यांच्या अपरोक्ष घरमालकांना बंगलोरला फोन केला. ते म्हणाले, "पार्किंगचं अजिबात टेन्शन घेऊ नका, मॅडम. सात नंबर आपलाच आहे." गेल्या तीन वर्षांत ते पुण्याला आले नव्हते, हे मी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. दोन पानी यादीत नेमका तो प्रश्न नव्हता. मी उत्कर्षाला म्हटलं, "कळवून टाक कंपनीत. हो म्हण." तिने त्याच रात्री हो कळवलं. माझ्या गळ्यात पडली, ते वेगळंच.

रविवारी तीनला मी गेले ती हिंमतरावांचं मन राखायला. उत्कर्षा मारुती घेऊन आली होती, नवीन जागेत एकदा लावून बघायला.

पार्किंग भरलेलं होतं. दहा आकडे आणि बारा गाड्या. सात नंबरवर एक गाडी, तिला मापाचं कव्हर घातलेलं, खालच्या कडेला गाडीचा चॉकलेटी रंग डोकावणारा, कव्हरच्या नाड्या फुलपाखरासारख्या नीट बांधलेल्या. सगळ्या इमारतीत एक पंखा सोडला तर आवाज नव्हता.

उत्कर्षा माझ्याकडे बघत होती. मी वहीकडे बघत होते. हिंमतराव कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी 'बोललो होतो' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गाडी सेक्रेटरींच्या मुलाची आहे, असं वॉचमनने सांगितलं. पहिल्या मजल्यावर यज्ञेश्वर आगाशे. मी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार चार बोटं उघडलं.

"आग लागली आहे का?" आतून आवाज.

"नाही, आम्ही—"

"मग चारला या."

दार लागलं. आम्ही तिघंही जिन्याच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. उत्कर्षा हळूच म्हणाली, "आई, मी उद्या सांगते त्यांना. नाही जमत म्हणून." शुक्रवारी हो म्हणायला मीच लावलं होतं.

बरोबर चार वाजता दार सताड उघडलं. आगाशे धुतलेल्या झब्ब्यात उभे होते, चेहऱ्यावर पूर्ण वेगळा माणूस. "या, आपण बसा. चहा घेणार ना? आता बोला."

मी सात नंबरचं बोलले.

"घरमालक बंगलोरला आहेत," आगाशे म्हणाले. "ते तिथून गाडी आणून रोज इथे लावणार होते का? रिकामी जागा पडून राहणं बरं नव्हे, म्हणून शौनकला लावायला सांगितली."

"पण तुमचा स्वतःचा नंबर असेल ना?"

"आहे की. तीन."

तीन नंबर म्हणजे तो सामानाचा कोपरा. पेठेतलं घर सोडून धायरीला येताना जे जे फ्लॅटमध्ये मावलं नाही, ते सगळं तिथे. हिंमतराव खाली जाऊन कपाटं उघडून बघून आले. "आत पुस्तकं हायती."

"दिवाळी अंक," आगाशेंनी दुरुस्ती केली. "अडुसष्टपासूनचे. मधे एकाही वर्षाचा खंड नाही."

"वाचता?" हिंमतरावांनी विचारलं.

"वाचायचे आहेत."

आतून आगाशेंच्या पत्नी हेमाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "निवृत्त झाल्यावर वाचणार होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता काय झाल्यावर वाचणार, ते मी विचारत नाही."

"हेमा, ते सामान टाकायचं नाही, हे एकदा ठरलेलं आहे."

"टाकायला कोण सांगतंय?" हिंमतराव म्हणाले. "सामान हितंच ऱ्हाईल. फकस्त आता ते झोपलंय, ते उभं करायचं. मला तास द्या. तुमच्या पोराची गाडी बसली न्हाय, तर मी सोता समदं पुन्हा आडवं घालून जातो."

"अहो, तिथे गाडी बसणं भूमितीने अशक्य आहे. मी मोजलेलं आहे."

"तुमी टेपानं मोजलं असंल."

आगाशे आणखी काही बोलणार, तेवढ्यात हेमाताईंनी उत्कर्षाला विचारलं, "किती वाजता येणार तू रोज?"

"साडेदहा."

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीला रात्री साडेदहाला तुमच्या अडुसष्टच्या अंकांसाठी रस्त्यावर गाडी लावायला सांगताय?"

आगाशेंनी चहाचा घोट घेतला. "पाचपर्यंत," ते म्हणाले. "पाचला मी फिरायला जातो."

हिंमतरावांनी टोपी काढून खांबाच्या खिळ्याला अडकवली. मग मी जे पाहिलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो माणूस मार्केट यार्डला जाण्यासाठी वीस वर्षं टेम्पो भरत होता. कांद्याची पोती, मेथीच्या जुड्या, वर टोमॅटोचे क्रेट, आणि खड्ड्यातून जाताना एक टोमॅटो फुटता कामा नये. कुठली वस्तू कुठे टेकते, हे त्यांच्या हातांना कळत होतं. त्यांनी आधी सगळं बाहेर काढलं. शौनकला हाक मारून कपाटाचं एक टोक धरायला लावलं. तो बिचारा अर्ध्या झोपेत होता. कपाटं उभी करून भिंतीला पाठ लावली. झोपाळ्याच्या कड्या काढून पाट कपाटांच्या मागे सरकवला. बंब जिन्याखाली, बंबाच्या पोटात कड्या. स्कूटर एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एव्हाना गॅलऱ्यांमधून माणसं उगवली होती आणि वरून सल्ले पडत होते.

"बंब उलटा ठेवा!"

"अहो, तो स्कूटरचा आरसा मोडेल!"

"तुमी खाली या, न्हायतर गप बसा," हिंमतराव वर न बघता म्हणाले. पुण्यात असं बोलणाऱ्याला मान मिळतो. सगळे गप्प बसले.

पाचला सात मिनिटं असताना ते बाजूला झाले. शौनकने चॉकलेटी गाडी सातवरून काढली आणि हिंमतरावांच्या हातवाऱ्यांवर तीनमध्ये मागे घेतली. "येऊ द्या. येऊ द्या. डावीकडं काप. बास." दार उघडून शौनक तिरका होऊन बाहेर आला.

आगाशे खाली उतरले. कपाट आणि गाडी यांच्या मधल्या फटीत त्यांनी टेप धरला. "चार इंच उरले आहेत," ते म्हणाले. हार मानली असं नव्हे, नोंद केली. "तिथे कोणी काही ठेवू नये." आणि फिरायला निघून गेले.

उत्कर्षाने मारुती सात नंबरवर लावली. मी लिफ्टपर्यंतची दहा पावलं पुन्हा मोजली. दहाच होती.

सोमवारी कोथरूडहून तिचं सामान आणायचं होतं. पलंग, कपाट, टेबल. मारुतीत मावणारं नव्हतं. हिंमतराव बराच वेळ टेम्पोकडे बघत उभे राहिले. "मी आनतो," म्हणाले. "पर जागेवर माणूस पायजे."

"कुठल्या जागेवर?"

त्यांनी कडुलिंबाखाली बोट दाखवलं.

हार्डवेअरच्या दुकानातल्या तिघांनी धक्का मारला, मांजरीची पिल्लं खोक्यात घालून दुकानात ठेवली, आणि चार वर्षांनी टेम्पो खोकत, धूर सोडत रस्त्याला लागला. उत्कर्षा माझ्या सीटवर बसली होती. जाताना हिंमतरावांनी फाळक्यावरची पाटी काढून माझ्या हातात दिली, कारण ती वाटेत पडली असती.

अशा रीतीने मी, वर्ध्याच्या शाळेतली शिक्षिका, 'फ्लॅट भाड्याने मिळतील' ही पाटी छातीशी धरून भर रस्त्यात कडुलिंबाखाली पावणेतीन तास उभी होते. पहिल्या पाच मिनिटांत एकाने गाडी आत घातली. मी हलले नाही. त्याने हॉर्न दिला. मी वर्गात मुलं गोंधळ करतात तेव्हा बघते तसं बघितलं. तो मागे गेला. दुसऱ्याने काच खाली करून विचारलं, "काकू, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

"माझ्या नाही," मी म्हटलं. "हिंमतरावांच्या."

मग एक नवराबायको आली, नवी लग्न झालेली दिसत होती. पाटी वाचून विचारलं, "टू बीएचके आहे का? पार्किंग पाहिजे मात्र. आत्ता दाखवता का?"

"आत्ता बघू नका," माझ्या तोंडून निघून गेलं. "रविवारी तीनला या."

सामान उत्कर्षाकडे उतरवून हिंमतराव परत आले. मी मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. टेम्पो जुन्याच जागेवर, जुन्याच गवतावर लागला. ते उतरले आणि पुढचं चाक बघत म्हणाले, "वीतभर पुढं आलाय. असू द्या." पण त्यांचा चेहरा असा दिसत होता की, गुलाबी इमारतीने बघावं. चार वर्षांत टेम्पो पहिल्यांदा गेला होता, आणि परत आल्यावर जागा होती.

संध्याकाळी उत्कर्षा मला गाडीने स्टेशनला सोडायला आली. प्लॅटफॉर्मवर डबा, पाण्याची बाटली, सगळं झालं. ती रेल्वेतून उतरायला वळली आणि मी तिचा हात धरला.

"अगं, तू गाडी घेऊन इकडे आलीस. तिकडे सात नंबरवर कोणी लावली म्हणजे?"

"नाही लावणार, आई. हिंमतराव बसलेत तिथे, खुर्ची टाकून."

"एकटेच?"

"आगाशेकाकांनी वाचायला दिवाळी अंक दिलाय. अडुसष्टचा."